दातेरी काठ

लोक विचारतात, किती मारले?
मी सांगतो, चौतीस टोकं.
एका सुलूला चौतीस, हा आमच्या उस्तादांचा हिशेब.
आधी खडू, मग कात्री, मग देवाचं नाव.
एक टोक ढिलं पडलं की काठ ढिला,
काठ ढिला की पलटण ढिली,
असं ते म्हणत, तोंडात टाचण्या धरून,
त्यामुळे निम्मंच ऐकू यायचं.

मी एमोसी. फिजी पलटणीचा शिंपी.
बंदूक मलाही होती. तेल लावून
शिलाई मशीनच्या डाव्या अंगाला उभी.

सुलू म्हणजे कंबरेभोवतीचा पांढरा घेर,
खाली करवतीसारखा काठ.
परमुलखातली पोरं आधी हसायची, घागरा म्हणून.
मग आमचे एकशेवीस जण एका पावलात वळायचे,
एकशेवीस काठ एकदम झुलायचे
आणि एकदम थांबायचे.
हसणाऱ्यांचा घास तोंडातच राहायचा.
वळणं त्यांचं होतं.
ते थांबणं माझं.

लेबनॉनला टेकडीवर आमचा तळ.
खाली ऑलिव्हची झाडं, वर धुरळा,
आणि धुरळा हा पांढऱ्या कापडाचा जन्माचा वैरी.
पदकांची परेड शुक्रवारी.
बुधवारी कालिओवा आला,
काठाचं फाटकं टोक चिमटीत धरून, हसत,
जणू मासाच पकडून आणलाय.
"तारेत अडकलं, दादा."
म्हटलं, उद्या ये. रांग आहे.

उद्या तो चौकीवर होता.
चौकीवर काय झालं ते कागदावर आहे,
कागद सरकारकडे आहे.
सुलू माझ्याकडेच राहिला होता.

शिवायचं होतं एकच टोक.
मी सगळा काठ उसवला.
तेहतीस जुनी आणि एक नवं
असं त्याला पाठवायचं नव्हतं मला.
मध्यरात्री जनरेटर बंद पडला.
मेजर कधी आत आले कळलं नाही,
कंदील धरून उभे राहिले माझ्या खांद्यापाशी,
एक शब्द नाही,
शेवटची गाठ मारेपर्यंत.
ही रीत कुठल्या नियमात लिहिलेली नाही.
तरी कुणी पलटणीच्या रिती विचारल्या
की मी हीच पहिली सांगतो.

कालिओवा त्याच्या बेटावर पोचला
तेव्हा चौतीसच्या चौतीस सरळ होती.
त्याच्या आईने मोजली नसतील.
मी मोजली होती, दोनदा.

आता लेवुकाला असतो.
पुढे धक्का, मागे डोंगर, मधे माझं दुकान.
शाळेचे गणवेश, चर्चचे पडदे,
एखाद्या नवरीचा झगा, तोही उधारीवर.
लितिया म्हणते, डोळ्यांना आता पेन्शन द्या.
पदकं डब्यात आहेत, बटणांच्या.
बटण शोधताना हाताला लागतात,
थंडगार. बरं वाटतं.

काल साकिउसाचा नातू आला, नवा रंगरूट,
हातात प्लास्टिकची पिशवी, बाहेरदेशी शिवलेला सुलू.
"बघा ना आजोबा, बरा आहे? परवा परेड."
मोजलं. बत्तीस.
पुन्हा मोजलं. बत्तीस.
"नवं माप आहे," तो म्हणाला, जरा घाबरून.
असेल.
सैन्य माझ्यासाठी थांबत नाही,
थांबावंही कशाला.
पण एक टोक, मागच्या बाजूचं, दोऱ्यावर लोंबत होतं.
त्याला काय, पाठीमागचं कुठलं दिसायला.

दुकानात तीन गिऱ्हाइकं.
पाद्रीबाबांचा कोट आजच द्यायचा.
जिभेवर आलंच होतं, उद्या ये.

"थांब," म्हटलं. "इथेच. आत्ता."
पोरगं बनियनवर, माझा टॉवेल गुंडाळून
कपाटाआड उभं राहिलं, सावधान,
कुणी सांगितलं नसताना.
लितियाने दिवा जवळ धरला.
दोन टाक्यांचं काम.
मग कात्री हातात होतीच म्हणून
बाकीची एकतीसही बघून घेतली.